कारूरा : कालचा आणि आजचा
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



‘कारूरा’ हा शब्द आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना चांगला ठाऊक आहे. हकीमसाहेब काचेच्या बाटलीतील लघवी उजेडात धरून रंग, दाटपणा, गाळ पाहत. इब्न सीना यांनी ‘अल्-कानून’ या ग्रंथात त्याचे सविस्तर विवेचन केले आहे. पण जे डोळ्यांना दिसत नाही त्याचे काय?

1845 साली लंडनच्या एका किराणा व्यापाऱ्याला हाडांच्या दुखण्याने हैराण केले होते. त्याच्या लघवीतील एक पदार्थ तापवला की विरघळे, थंड झाला की पुन्हा साकळे. डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांनी त्याची तपासणी केली. त्या प्रथिनाला आज त्यांचेच नाव आहे. रोग होता अस्थिमज्जेचा कॅन्सर, म्हणजे मायलोमा.

विद्यार्थ्यांनो, टीपकागदावर काळ्या शाईचा ठिपका देऊन कागदाचे टोक पाण्यात बुडवा. पाणी वर चढते आणि शाईतील रंग वेगवेगळे होतात. प्रयोगशाळेत हे काम वीज करते. स्वीडनचे टिसेलियस यांना या पद्धतीसाठी 1948 चे नोबेल पारितोषिक मिळाले. जेलच्या पातळ थरावर लघवीचा थेंब ठेवून वीजप्रवाह सोडला की प्रथिने कमीअधिक वेगाने सरकतात. मायलोमाच्या पेशी एकाच पेशीची संतती असल्यामुळे एकच प्रथिन बनवतात. म्हणून एका जागी अरुंद, गडद पट्टा उमटतो.

आता पालकांसाठी. नेहमीच्या तपासणीतील रंगीत पट्टी मुख्यत्वे अल्ब्युमिन ओळखते. हे प्रथिन तिच्या नजरेतून निसटू शकते. तेव्हा दादीची कंबर महिनोन्‌महिने दुखते, रक्त कमी झाले आहे, आणि ‘लघवी नॉर्मल’ म्हणून घरचे निर्धास्त, असे होऊ देऊ नका. आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तेथे दाखवा. डॉक्टर रक्ताची आणि गरज पडल्यास अस्थिमज्जेचीही तपासणी करतील; केवळ लघवीवर निदान ठरत नाही. एका थेंबात सगळे कॅन्सर सापडतात असे कोणी सांगितले, तर पैसे खिशातच ठेवा.

अनेकदा 24 तासांची लघवी मागतात. आपल्या स्त्रिया संकोचाने अर्धीच जमा करतात आणि हिशेब चुकतो. सकाळची पहिली लघवी टाकून द्यावी. पुढची प्रत्येक वेळची, दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पहिलीसह, कॅनमध्ये जमवावी. तो कॅन प्रयोगशाळेत पोचवण्याचे काम मुलांनी करावे.