आगोटीपूर्वीची डागडुजी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी पत्रिकेत माझ्या नावापुढे "घराची दुरुस्ती घरच्या घरी" असा विषय छापला, तो वाचून दोघीतिघी हसल्या म्हणे. हसू येणे साहजिक आहे. लोणची, पापड, विणकाम यांवर बाई बोलली तर कोणाला नवल वाटत नाही. थापी आणि पाना हातात घेतला की वाटते. मी सातवी शिकलेली बाई, तेव्हा पुस्तकातले मला काही सांगता येणार नाही. पण माझे वडील गवंडीकाम करीत. सुट्टीत त्यांच्या हाताखाली मी घमेली उचलली आहेत, आणि पुढे संसारात त्यातले पुष्कळ उपयोगी पडले. तेवढेच आज सांगते.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात घराची गोष्ट जरा वेगळी आहे. कित्येक घरांतला कर्ता पुरुष मुंबईला. तो येतो गणपतीला. पाऊस मात्र त्याच्यासाठी थांबत नाही, तो मृगालाच येतो. मधले अडीच-तीन महिने गळतीखाली पातेली मांडायची, भिंतीपासून खाट ओढायची आणि फोनवर सांगत राहायचे, "या, मग बघू." गणपतीला ते येतात तेव्हा आरास करायची की कौले चाळायची? वैशाखात मिस्त्री शोधावा तर त्याला साऱ्या गावची बोलावणी असतात. छोट्या कामाला तो येतच नाही, आणि त्याचेही काही चुकत नाही. एका कौलासाठी त्याने दिवस का मोडावा? तेव्हा आपल्या घराकडे पाहणारी आपणच.

पाऊस म्हणजे किती पाणी, याचा एकदा हिशेब करून पाहा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. साठ चौरस मीटरचे, म्हणजे साधारण साडेसहाशे चौरस फुटांचे छप्पर धरले, तर चार महिन्यांत त्यावर एक लाख ऐंशी हजार लिटर पाणी पडते. त्यातल्या हजार लिटरांना जरी आत यायची वाट मिळाली तरी घराचे काय होईल ते सांगायला नको.

आणि आता मृगाचाही भरवसा धरू नये. २०२० साली निसर्ग वादळ ३ जूनला आले. दापोली-मंडणगडकडची कौले आणि पत्रे कसे उडाले ते आपण विसरलो नाही. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर, तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. पूर्वी आगोटीची कामे मेअखेरपर्यंत चालत. मी म्हणते, घराची कामे अक्षय्य तृतीयेपर्यंत उरकावीत. पापड-कुरडयांना नंतर ऊन असतेच.

आता मुख्य गोष्ट. ओल दिसते तिथे पाणी शिरलेले असतेच असे नाही. पाणी वरच्या बाजूने येते, वाशावरून, स्लॅबच्या पोटातून पाच-सहा हात वाहते आणि भलत्याच जागी टपकते. म्हणून आधी पाण्याची वाट शोधायची, मग हात लावायचा. आमच्या ओळखीच्या एका घरी बैठकीच्या भिंतीला तीन वर्षे दर दिवाळीला रंग लावला. दर श्रावणात तो पापुद्रे धरून गळून पडे. रंगवाल्याला दोष दिला, रंगाच्या डब्याला दिला. शेवटी पाहिले तर भिंतीमागे बागेची माती जोत्याच्याही वर हातभर चढलेली! भिंत खालून पाणी पीत होती. माती खाली ओढली, पाणी घरापासून दूर जाईल असा उतार केला, एक उन्हाळा भिंत सुकू दिली, तेव्हा रंग टिकला. खर्च काय, तर दोन दिवस कुदळ चालवली.

यासाठी पावसाळ्यातच एक काम करून ठेवावे. ओलीचा डाग दिसला की त्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढावी आणि तारीख टाकावी. डाग वरून खाली उतरतो की जमिनीपासून वर चढतो, पाऊस थांबला तरी वाढतो का, हे आठवड्याने आपोआप कळते. वरून आला तर छप्पर पाहावे. जमिनीपासून हात-दीड हात चढला तर जोते आणि माती पाहावी. ऊन असो पाऊस असो, सारखाच राहिला तर भिंतीतला नळ गळतो आहे असे धरावे. भिंत केवळ दमट हवेने घाम धरते की आतूनच ओली आहे असा संशय असेल, तर पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद हातभर घेऊन चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. पाणी कागदाच्या बाहेरच्या अंगाला असेल तर ते हवेचे. खिडक्या उघडा म्हणजे झाले. कागदाच्या मागे असेल तर ते भिंतीचे.

कौलारू घर असेल तर भर दुपारी खोलीचे दरवाजे-खिडक्या बंद करून वर पाहावे. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे कौल फुटले आहे किंवा सरकले आहे. त्या जागेच्या वाशावर खडूने खूण करावी. मंगलोरी कौल आतूनच बदलता येते, छपरावर चढायची गरज बहुधा पडत नाही. वरच्या ओळीचे कौल किंचित उचलून धरायचे, फुटके खाली ओढून काढायचे, नवे सरकवायचे, त्याचे नाक रिपेवर अडकले की बाजूच्या कौलांच्या खाचेत ते बसते का ते पाहायचे. एकीने उचलायचे, एकीने सरकवायचे; सासू-सुनांनी मिळून करण्यासारखे काम आहे, आणि यात भांडणाला हात रिकामा राहत नाही! मात्र नवे कौल जुन्याच्या मापाचे हवे. मापे निरनिराळी असतात, म्हणून दुकानात जुन्याचा तुकडा न नेता अख्खे कौल न्यावे. दहा-बारा जुनी कौले पडवीत रचून ठेवलेली बरी.

दोन छपरे जिथे मिळतात तिथली पन्हळ जरूर झाडून घ्यावी. फणसाची आणि आंब्याची पाने तिथे कुजून बसतात, पाणी तुंबते आणि कौलांखालून उलटे आत येते. "यंदा नवीन कौले घातली तरी गळते," असे म्हणणाऱ्या घरांत मी हीच पन्हळ पाहिली आहे.

पत्र्याच्या छपराबद्दल थोडे. हुकांचे नट सैल झाले असतील तर आवळावेत, खालची रबरी चकती तडकली असेल तर बदलावी. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते स्वतः कापू नयेत, त्यांना भोक पाडू नये. त्यांत अस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसांना फार घातक असते. त्यांच्यावर पायही देऊ नये. ते न सांगता मोडतात.

स्लॅबच्या घरात आधी गच्चीवरची पाणी जायची भोके मोकळी करावीत. चीर शोधायला गच्ची पाण्याने भरून ठेवा असे सांगतात, पण आपल्या विहिरी वैशाखात तळाला गेलेल्या असतात, तिथे पाणी आणायचे कुठून? त्यापेक्षा गच्ची झाडून संशयाच्या जागी दोन बादल्या पाणी शिंपडावे आणि सुकू द्यावे. सारी जागा पांढरी होते, पण चिरेची काळी रेघ उशिरापर्यंत ओली राहते. तिच्यावर खडू ओढावा. मग ती रेघ छिन्नीने थोडी रुंद करावी, तारेच्या ब्रशने धूळ काढावी, धुवावी, आणि अंग ओलसर असतानाच गच्चीसाठी मिळणारे जलरोधक द्रव सिमेंटमध्ये कालवून, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, दाबून भरावे. कठडा आणि गच्ची यांचा सांधा सर्वांत दगा देतो. तिथे काटकोन न ठेवता सिमेंटची गोलाई करावी, मिस्त्री त्याला वाटा म्हणतात. वरून जलरोधकाचे दोन हात द्यायचे. पहिला आडवा, तो सुकला की दुसरा उभा. घाई करून ओल्या गच्चीवर हात मारला तर पैसे पाण्यात गेले असे समजा.

सिमेंटविषयी आमच्या वडिलांचे दोन नियम होते. पोत्यात हात घातला की थंड लागले पाहिजे आणि खडे लागता कामा नयेत. आणि अर्ध्या तासात संपेल एवढेच कालवायचे. घट्ट झाले म्हणून पुन्हा पाणी ओतून वापरायचे नाही. भरलेल्या जागेवर सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे, पण द्रव मिसळलेले असेल तर डब्यावर लिहिले असेल तसे. मी आणखी एक सांगते. खाडीची रेती स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका. तिच्यात मीठ असते. मीठ हवेतली ओल ओढते आणि स्लॅबमधल्या लोखंडाला गंज चढवते. सिमेंट कातडीला जाळते, तेव्हा हातात रबरी मोजे हवेत. मेंदीसारखे हाताने कालवू नये.

जांभ्याच्या भिंती हा आपल्या घरांचा जीव आहे. चिरा पाणी पितो आणि ऊन मिळाले की परत देतो. त्याला दोन्ही अंगांनी कडक सिमेंटचा गिलावा चोपडला की आतली ओल आतच कोंडते. डागडुजी चुन्यात केली तर भिंत श्वास घेते. पांढरा लोणा फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून उचलून टाकावा. पाण्याने धुतला तर पुन्हा भिंतीतच मुरतो. पागोळ्या पडतात त्या जागी चिऱ्याचे तुकडे किंवा खडी पसरावी, म्हणजे चिखल उडून भिंत भिजत नाही. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर खरवडून काढाव्यात. वाशांना काजूच्या टरफलांचे तेल लावतात ते चांगलेच, पण त्याने हाताला फोड येतात, तेव्हा उघड्या हाताने नको.

टपकणारा नळ ही आळसाची गोष्ट आहे. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला चार लिटरांच्या वर पाणी जाते. उन्हाळ्यात आपण तेवढ्यासाठी शेजारी मागायला जातो. वरचा वॉल बंद करावा, नळ उघडून उरलेले पाणी काढावे, पान्याखाली फडके धरून वरचा भाग फिरवावा, आतला झिजलेला वायसर काढून तोच दुकानात दाखवावा. नव्या तऱ्हेच्या, पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वायसर नसतो, आतला सबंध तुकडा बदलावा लागतो. पांढरी टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळावी, नाही तर नळ बसवताना ती सुटून येते.

विजेच्या कामात मात्र मी हात आखडता घेते, तुम्हीही घ्या. मीटरजवळ गळतीचा स्विच, ज्यावर तीस मिलिअँपिअर असे लिहिलेले असते, तो नसेल तर गळ्यातले मोडा पण तो बसवून घ्या. असेल तर महिन्यातून एकदा त्यावरचे परीक्षेचे बटन दाबून पाहा; खटका पडला पाहिजे. नाही पडला तर त्याच दिवशी वायरमन बोलवा. कपडे वाळवायची तार विजेच्या वायरीजवळून कधी नेऊ नये. शक्यतो तारेऐवजी दोरीच बांधावी. ओल्या भिंतीतल्या बटनाला झिणझिण्या आल्या तर "पावसात असेच होते" असे म्हणू नये. मेन बंद करावे, आणि वायरमन येईपर्यंत कंदील लावावा.

स्लॅबमधून सिमेंटचे पोपडे पडून गंजलेले लोखंड दिसत असेल, किंवा भिंतीची तिरपी चीर वाढते असे वाटत असेल, तर आपला थापीचा कारभार तिथे थांबवावा. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने तारीख घालावी. रेघ पुढे गेली तर इंजिनिअरला दाखवावे, त्याची फी जड वाटली तरी. वरून पुट्टी भरून झाकलेली चीर पाहुण्यांना दिसत नाही एवढेच. पडद्यांना आणि खोट्या छताला हजारो रुपये घालणाऱ्या घरांत यासाठी पैसे नसतात, हे मला कधी उमगले नाही.

शेवटी शिडीचे. चार हात उंच टेकवली तर पाया भिंतीपासून एक हात दूर असावा, खाली दुसरी बाई धरायला असावी, आणि साडी नेसून चढू नये. सलवार घालावी, कोण काय म्हणते ते म्हणू द्यावे. मंडळाची बारा फुटी शिडी, दोन पाने आणि छिन्नी-हातोडा मागच्या खोलीत आहेत. चिटणीसबाईंकडे वहीत नाव लिहून न्यावीत, तीन दिवसांत परत आणावीत. कौले बदलायला कोणाकडे दुसरे माणूस नसेल तर मला हाक मारा. चैत्रात माझी दुपार मोकळी असते.