राजकारणाची हद्द
(कुंभकोणम येथील गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

समितीने मला ‘समाज आणि राजकारण’ हा विषय दिला, तेव्हा दोघातिघांनी काळजीने विचारले, “साहेब, गणपतीपुढे राजकारण कशाला?” प्रश्न रास्त आहे. ‘मंडळात राजकारण नको’ हे आपल्याकडे प्रत्येक मंडळात ऐकू येते. पण ज्या उत्सवात आपण बसलो आहोत तो सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ च्या सुमारास पुण्यात सुरू झाला आणि लोकमान्य टिळकांनी त्याला वळण दिले, ते राजकारणाचेच होते. लोकांनी एकत्र यावे, बोलावे, आपल्या प्रश्नांचा विचार करावा, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे आपल्याला नको असते ती गटबाजी आणि कुरघोडी. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो आणि तिथे घोटाळा होतो.

मग राजकारण म्हणजे काय? माझ्या समजुतीप्रमाणे, जे एकट्याने ठरवता येत नाही ते सर्वांनी मिळून ठरवणे. आज घरात आमटी करायची की सांबार, हे घरात ठरेल. पण कावेरीचे पाणी कोणत्या कालव्याला किती सोडायचे, गल्लीत आधी गटार की आधी दिवा, हे कुणा एकाला ठरवता येत नाही. ठरवायला माणसे लागतात, आणि त्या माणसांवर लक्ष ठेवायला नियम लागतात.

हे शहाणपण आपल्याला इंग्रजांनी शिकवले असे समजण्याचे कारण नाही. आपण राहतो तो चोळांचा मुलूख. त्याच चोळांच्या राज्यात, कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूर गावी देवळाच्या भिंतीवर पहिल्या परांतक चोळाच्या काळातले, इसवी सन ९२० च्या आसपासचे शिलालेख आहेत. गावच्या समित्यांची निवड कशी करावी, हे त्यांत कोरले आहे. ताडपत्रावर नावे लिहून घड्यात टाकायची आणि लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढायची. तळ्यासाठी वेगळी समिती, बागांसाठी वेगळी. मुदत एक वर्षाची. मला सर्वांत आवडलेला नियम असा की, ज्याने समितीत काम करून हिशोब दिला नाही, तो पुढच्या निवडीला अपात्र, आणि त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र! आता ती सभा ब्राह्मणांची होती. जमीन आणि घर असणाऱ्यांनाच तिथे वाव होता. बाकीच्यांना त्या घड्यात जागा नव्हती, हेही विसरून चालणार नाही. पण सत्ता ज्याच्या हाती द्यायची त्याच्याकडून हिशोब घ्यायचा, ही गोष्ट हजार वर्षांपूर्वी दगडात कोरून ठेवलेली आहे.

दुसरे उदाहरण आपल्या याच गावचे आणि आपल्याच भाषेच्या माणसाचे आहे. सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमला एका तंजावरी मराठी घराण्यात जन्मले. १८५७ ते १८७२ त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरचे, आणि १८७५ ते १८८२ बडोद्याचे. मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या एका शेतकरी घरातला मुलगा दत्तक घेतला गेला. तेच पुढचे सयाजीराव महाराज. १८८१ साली त्यांच्या हाती कारभार येणार, त्याआधी माधवरावांनी त्यांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. २०२२ साली ती इंग्रजीत पुन्हा प्रसिद्ध झाली आहेत. त्यांचा गाभा थोडक्यात सांगायचा तर, प्रजेचे सुख हे राजाचे पहिले कर्तव्य. राजाच्या मर्जीला आणि राजवाड्याच्या खर्चालाही मर्यादा हवी. ज्याच्या हाती सर्व सत्ता येणार त्यालाच दिवाण हद्द आखून देत होता. पुढे १९०६ साली सयाजीरावांनी संपूर्ण बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

परंतु माधवरावांच्याच कारकिर्दीत दुसरी बाजूही दिसते. त्रावणकोरात नाडार स्त्रियांनी अंगभर वस्त्र घ्यावे की नाही, यावरून दंगली झाल्या होत्या. १८५९ साली सरकारने जाहीरनामा काढून परवानगी दिली; पण वरच्या जातीच्या स्त्रियांसारखे वस्त्र घेऊ नये, अशी अट घातली. दिवाण माधवरावच होते. स्त्रीने अंग झाकायला दंगल आणि जाहीरनामा लागावा? इथे सरकारचे काम एवढेच होते की त्या बाईवर हात टाकणाऱ्याला आवरावे. कसे नेसायचे ते तिचे ती ठरवील. सरकारने निम्मे काम केले आणि उरलेल्या निम्म्यात नको तिथे पाय ठेवला.

रेल्वेत आमच्याकडे एक साधी खूण असते, फाउलिंग मार्क. दोन मार्ग जिथे एकमेकांना मिळतात तिथे दोन्हींच्या मधोमध ती लावलेली असते. गाडी खुणेच्या आत उभी असेल तर शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी निर्धास्त जाते. शेवटचा एक डबा जरी खुणेबाहेर राहिला, तरी शेजारची वाट अडते. राजकारणाचेही तसेच आहे. ते आपल्या रुळावर असायलाच हवे. स्वयंपाकघर, देवघर, लग्न, पेहराव या शेजारच्या वाटा त्याने अडवू नयेत. मात्र घरात कुणावर जुलूम होत असेल, तर ‘हा आमचा घरगुती मामला’ म्हणून दार लावून घेता येत नाही. तिथे कायद्याने आत यायलाच हवे.

ही हद्द आम्हा नोकरदारांनाही आहे. १९६६ च्या रेल्वे सेवा वर्तन नियमांप्रमाणे मला कोणत्याही पक्षाचे सभासद होता येत नाही. मत देता येते, पण ते कुणाला दिले हे दाखवता येत नाही. म्हणून मी इथे पक्षाविषयी बोलणार नाही. पण मत देण्याविषयी जरूर बोलेन.

आपल्यापैकी बरीच मंडळी खानापूर, आटपाडी भागातून गलाईच्या धंद्यासाठी इकडे आली. कुणाला वीस वर्षे झाली, कुणाला चाळीस. मुले तमिळ शाळेत शिकली. तरी कितीकांची नावे अजून गावाकडच्या मतदार यादीत आहेत. कायद्याने नाव एकाच ठिकाणी ठेवता येते. मतदानाला तिकडे जाणे होत नाही आणि इकडे नाव नाही. मग गल्लीत पाणी तुंबले की आपण म्हणतो, “आपण पडलो बाहेरचे, आपले कोण ऐकणार?” मंडळी, ज्याचे नाव यादीत नाही त्याचे ऐकायला कोण येईल? माधवरावांचे घराणेही बाहेरूनच आले होते. त्यांनी त्रावणकोरचा कारभार केला आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसच्या स्वागत समितीचे अध्यक्षपदही भूषवले.

म्हणून समितीपुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. वर्गणी कितीही मोठी मिळो, मंडपात कोणत्याही पक्षाचा फलक लागू नये. विसर्जनानंतर पंधरा दिवसांत जमाखर्च लिहून सर्वांसमोर ठेवावा. आणि पुढच्या उत्सवापूर्वी, ज्यांचे कायमचे वास्तव्य इथे आहे त्यांनी आपले नाव इथल्या मतदार यादीत घालून घ्यावे. अर्ज तमिळमध्ये भरायला आपली शाळकरी मुले मदत करतील.

एवढे झाले, तर ‘मंडळात राजकारण नको’ असे म्हणण्याची पाळी कुणावर येणार नाही. 

गणपती बाप्पा मोरया!