दोन उरळ्या



कार्यक्रमपत्रिकेवर संयोजकांनी माझ्या व्याख्यानाचं नाव ‘स्वतःचे आरोग्य आणि जगाचे आरोग्य’ असं छापलंय. ते वाचून माझं मलाच दडपण आलं. जगाच्या आरोग्याबद्दल बोलण्याचा माझा अधिकार शून्य, आणि स्वतःच्या आरोग्याबद्दल बोलायचं तर आमच्या डॉक्टरांनी आधी ही कंबर पाहावी. म्हणून मी आज फक्त दुधाबद्दल बोलणार आहे. एका माणसानं सोडलेल्या आणि पुन्हा धरलेल्या दुधाबद्दल. आणि एवढ्या उन्हात तुम्ही इथवर आलात, तर तुम्हाला फार लांब नेणार नाही. मुंबईची एक खेप सोडली, तर बहुतेक सगळी गोष्ट पुण्यात आणि पुण्यापासून तीसेक किलोमीटरच्या आत घडते.

मुंबईची खेप 1919 च्या जानेवारीतली. गांधीजी अंथरुणाला खिळले होते. आदल्या वर्षी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना त्यांना आमांशानं गाठलं होतं. मरण दाराशी येऊन गेलं, तरी अशक्तपणा हटेना. त्यातच मूळव्याधीची शस्त्रक्रिया झाली. डॉ. दलाल म्हणाले, दूध घेतलं नाही तर हे शरीर मी पुन्हा उभं करू शकत नाही. अडचण अशी की 1912 मध्ये, दक्षिण आफ्रिकेत असताना, गांधीजींनी दूध सोडलं होतं. ब्रह्मचर्य हे एक कारण होतंच, पण दुसरं कारण आपल्या आजच्या विषयात बसतं. कलकत्त्याचे गवळी गाईम्हशींना ‘फुका’ नावाचा भयंकर प्रकार करून, म्हणजे जनावराला यातना देऊन दूध ओढून काढतात, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. जनावराला पिळून मिळालेलं दूध पोटात जायला नको, अशी ती प्रतिज्ञा.

खाटेशी कस्तुरबा उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? डॉक्टरांनी लगेच तोच धागा धरला. प्रतिज्ञा केली तेव्हा डोळ्यांपुढे गाय नि म्हैस होती, शेळी नव्हती. गांधीजी विरघळले, आणि का विरघळले ते त्यांनी आत्मकथेत लपवलेलं नाही. रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह समोर दिसत होता आणि तो लढायला जगायची इच्छा होती. प्रतिज्ञेचं अक्षर राखलं, आत्मा मारला, ही टोचणी त्यांना पुढे कायम राहिली.

आपण या प्रसंगातली बायकोची हुशारी सांगतो आणि हसून सोडून देतो. मला त्यातला पेच मोठा वाटतो. जगाची कणव म्हणून दूध सोडलं, आणि जगाचं काम करायचं म्हणूनच परत घेतलं. ‘आधी मी की आधी जग’ असा प्रश्न आपण परीक्षेतल्यासारखा विचारतो. इथे दोन्ही बाजूंना जगच उभं होतं, आणि मधे एक कृश शरीर, ज्याला प्रथिनं हवी होती.

आता पुण्यात येऊ. ससून रुग्णालयात 12 जानेवारी 1924 च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी त्यांचं अपेंडिक्स काढलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरं करावं लागलं, हेही. (वीज जाण्याच्या बाबतीत हे शहर परंपरा पाळून आहे.) माती आणि पाणी यांवर श्रद्धा असलेला माणूस, सरकारचा कैदी, आणि सरकारच्याच शल्यविशारदाच्या सुरीखाली. पण ससूनवर मी थांबत नाही. मला आगाखान पॅलेसमध्ये जायचंय.

ऑगस्ट 1942. देश पेटलेला. गांधीजींना पकडून तिथे आणल्याला आठवडाही झाला नव्हता तोच, 15 ऑगस्टला त्यांचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच गेले. पंचवीस वर्षं सावलीसारखा वावरलेला माणूस. आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आत गांधीजी लिहायला बसले. काय लिहायला, तर ‘आरोग्यनी चावी’. मूळ गुजराती. हिंदी आणि इंग्रजी रूप सुशीला नय्यर यांनी दिलं. डिसेंबरपर्यंत ते पुरं झालं. बाहेर गोळीबार चाललाय, जगात महायुद्ध चाललंय, आणि हा म्हातारा लिहितोय की पोटावरची मातीची पट्टी तीन इंच रुंद, सहा इंच लांब आणि अर्धा इंच जाड असावी.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला याचा राग आला होता, हे कबूल करतो. अर्धा इंच! पुढे लक्षात आलं की त्या तुरुंगात त्यांच्या हाती असलेली एकच गोष्ट त्यांनी नीट करायला घेतली होती. निरोगी माणसाची त्यांची व्याख्याही बघा. न थकता दहा-बारा मैल चालू शकेल आणि अंगमेहनत करू शकेल तो. आरशापुढे उभं राहून तपासायचं आरोग्य हे नव्हे. आणि त्याच पुस्तकात ते मान्य करतात की दुधाशिवाय आपलं शरीर तग धरत नाही. दुधाची जागा घेईल अशी वनस्पती कुणी शोधावी, ही आस शेवटपर्यंत होती. तोवर शेळी.

याच वाड्यातली पुढची गोष्ट सांगायला मला जड जातं, पण ती टाळली तर हे व्याख्यान भक्तिगीत होईल. 1944 च्या फेब्रुवारीत कस्तुरबा अखेरच्या दुखण्यात होत्या. पेनिसिलिन तेव्हा नवं होतं, दुर्मीळ होतं. ते विमानानं कलकत्त्याहून मागवण्यात आलं. मुलगा देवदासभाईंचा आग्रह होता की द्यावं. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजींनी विरोध केला. तिला आता शांतपणे जाऊ द्या, असा त्यांचा भाव होता. 22 फेब्रुवारीच्या संध्याकाळी त्यांच्याच मांडीवर बा गेल्या. पुढे अडीच महिन्यांच्या आत ते स्वतः मलेरियानं फणफणले, आणि तेव्हा त्यांनी क्विनाइन घेतलं.

या दोन घटना शेजारी ठेवून त्यांना ढोंगी म्हणणारे आहेत. मी म्हणत नाही. बा वाचल्या असत्या असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, शरीर पार झिजलं होतं. पण एवढं म्हणतो की स्वतःच्या शरीरावर प्रयोग करणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या शरीराची वेस कुठे सुरू होते ते दर वेळी दिसत नाही. शेळीची वाट बांनी दाखवली होती, पंचवीस वर्षांपूर्वी, नवरा जगावा म्हणून. त्यांच्या खाटेशी तसा पळवाट शोधणारा कुणी असता तर, असं मनात येतं. असो.

सुटकेनंतर गांधीजींचा मुक्काम वरचेवर पुणे स्टेशनजवळच्या डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात असे. आज तिथेच बापू भवन आहे. 18 नोव्हेंबर 1945 ला निसर्गोपचाराच्या प्रसारासाठी विश्वस्त संस्था झाली, गांधीजी तिचे अध्यक्ष. बेत असा की हे केंद्र आता गरिबांसाठी चालवायचं. आणि काही महिन्यांतच त्यांनी ‘हरिजन’मध्ये जाहीर लिहून टाकलं की आपण मूर्खपणा केला. गरिबांसाठीची संस्था शहरात काढायला निघालो. गरीब काय आगगाडीचं तिकीट काढून टबबाथ घ्यायला स्टेशनवर उतरणार? आपणच त्यांच्या दारात गेलं पाहिजे. आपल्याकडे सत्तरी ओलांडलेला माणूस छापील मजकुरात ‘चुकलो’ म्हणतो, हे दृश्य दुर्मीळ आहे. म्हणून थांबून सांगितलं.

मग आली उरळीकांचन. सोलापूर रस्त्यावरचं, रेल्वेच्या रुळालगतचं गाव. 22 मार्च 1946 ला ते तिथे पोचले. दोनच दिवसांनी ब्रिटिश कॅबिनेट मिशन दिल्लीत दाखल झालं. म्हणजे हिंदुस्थानच्या भवितव्याचा फैसला करायला तीन मंत्री विलायतेहून आलेत, आणि ज्याच्याशी बोलायचं तो माणूस उरळीत कुणाची जीभ बघतोय, कुणाला कटिस्नान सांगतोय, कुणाला रामनाम. महिनाअखेर ते दिल्लीला गेले. आठवडाभराचा दवाखाना.

पण त्या आठवड्यात जी अडचण उघडी पडली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. पथ्य काय लिहून द्यायचं? दूध, ताक, फळांचा रस, भरपूर पाणी. आता रोगी म्हणजे कोरडवाहू भागातला शेतमजूर. त्याला मोसंबी कुठली? आणि दूध? गोठ्यात भाकड गाय, तिला वैरण नाही. म्हणजे चिठ्ठीवर दूध लिहिलं की पाठोपाठ गाय लिहावी लागते. गाय लिहिली की चारा, चारा लिहिला की पाणी, पाणी म्हटलं की गावचा उकिरडा आणि विहिरीपाशीची घाण. एका माणसाचं पोट साफ करायला निघावं आणि अख्खा गाव झाडावा लागावा.

गांधीजी गेले, आणि ही चिठ्ठी पुरी करायला मागे राहिला एक पंचविशीतला गुजराती तरुण, सुरतेकडचा, विज्ञानाचा पदवीधर. मणिभाई देसाई. आयुष्य इथेच काढीन असं वचन गांधीजींना देऊन बसलेला. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे यांनी आश्रम सांभाळला. स्वतः क्षयातून उठलेले. आणि मणिभाई गाईच्या मागे लागले. गीर गाई आणल्या, जोपासल्या. कोंबडा आरवायच्या आधी गोठ्यात जाणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरी गुरं आहेत त्यांना सांगायला नको. 1967 मध्ये त्यांची ‘बाएफ’ ही संस्था सुरू झाली. गोठवलेलं वीर्य घेऊन संस्थेचा माणूस शेतकऱ्याच्या दाराशी जाऊ लागला. शेतकऱ्यानं गाय हाकत दवाखान्यात आणायची नाही. लक्षात येतंय ना? पुणे स्टेशनच्या चुकीचीच ती दुरुस्ती होती, या वेळी गाईसाठी.

चारा हवा म्हणून सुबाभूळ. चाऱ्यालाही जमीन हवी, आणि आदिवासीकडे असते ती डोंगरउताराची, म्हणून 1982 पासून गुजरातेत वांसद्याला ‘वाडी’. एकरभर जमिनीत आंबा, काजू, कडेनं रानझाडं. पुढे नाबार्डनं ती देशभर नेली. 1982 मध्येच मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सगळंच साधलं असं नाही. जर्सी-होल्स्टीनच्या संकराला आपलं ऊन सोसत नाही, खुराक नि औषधं परवडत नाहीत, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे, आणि संकरित वासरातला नर कुणाला नको असतो हे दुखणं आजही उघडं आहे. बैल म्हणून तो चालत नाही. गांधीजींनी फुक्याला भिऊन दूध सोडलं होतं, ते या गोऱ्ह्याकडे बघून काय म्हणाले असते, मला सांगता येत नाही. 1993 मध्ये मणिभाई गेले, तोवर सत्तेचाळीस वर्षं वचन पाळून झाली होती.

आता माझं स्वतःचं. तीन वर्षांपूर्वी मी दहा दिवस उरळीकांचनच्या आश्रमात राहून आलो. पहाटे पोटावर मातीची पट्टी ठेवतात. ओल्या फडक्यात थापलेली काळी माती. पहिल्या क्षणी पोट असं आत ओढलं जातं की श्वासच अडकतो. मग हळूहळू माती आपली ऊब घेते, जड होते, आणि एखादं मांजर येऊन पोटावर झोपावं तसं वाटायला लागतं. शेजारच्या खाटेवर एक बागायतदार होते. घरची साखर रक्तात उतरलेले. ते रोज सकाळी मला विचारायचे, “काय गुरुजी, पोट काय म्हणतंय?” सातव्या दिवशी मी वजन करून आलो तेव्हा पावणेतीन किलो उतरलं होतं. मी त्यांना ते जरा मिरवतच सांगितलं. ते म्हणाले, “गेलं कुठं पण?”

विनोद होता तो. मी हसलो. पण दहाव्या दिवशी परतताना तो प्रश्न माझ्यासोबत गाडीत बसला.

पुण्याहून जाताना हडपसरच्या गाडीतळापाशी रस्ता फुटतो. सरळ सोलापूरकडे गेलात की उरळीकांचन. उजवीकडे सासवडकडे वळलात की थोड्या अंतरावर दुसरी उरळी लागते, उरळी देवाची. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं तिथे आणि लगतच्या फुरसुंगीत नेऊन टाकला गेला. डोंगर उभे राहिले. आग लागली की दिवसच्या दिवस धूर. विहिरींचं पाणी नासलं, लोक टँकरच्या पाण्यावर आले, आणि अखेर त्यांनी रस्त्यावर बसून गाड्या अडवल्या. तेव्हा इथे, आपल्या पेठांत, चौकाचौकांत कचऱ्याचे ढीग दिसायला लागले. वर्तमानपत्रांना पत्रं गेली की शहराच्या आरोग्याचा प्रश्न आहे, तोडगा काढा. मीही एक लिहिलं होतं. छापूनही आलं होतं. आज मला त्यातलं ‘शहराच्या’ हे एवढंच आठवतं.

माझ्या पोटातून उतरलेलं, माझ्या स्वयंपाकघरातून निघालेलं, पपईची सालं, दुधाच्या पिशव्या, औषधांची रिकामी पाकिटं. निसर्गोपचाराला जाण्याआधी घर आवरून जावं म्हणून मीच पिशवी बांधून ठेवली होती. मी एका उरळीला गेलो, आणि ती बहुधा दुसऱ्या. गाडीतळापर्यंत आमचा रस्ता एकच होता.

आपण इथे थांबू. बाहेर चहाची सोय केलीय असं संयोजक सांगताहेत. कप कागदाचे आहेत, हे मी मघाशीच पाहिलं.