सूर्यावर ओळखलेला वायू

१८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूर येथे आले होते. त्या ग्रहणात सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. ती सोडियमच्या रेषांशी जुळत नाही, हे इंग्लंडात लॉकियर यांनी दाखविले. आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात मूलद्रव्यास ‘हेलियम’ म्हणू लागले. पृथ्वीवर ते १८९५ साली रॅम्झे यांना युरेनियमच्या खनिजात सापडले.

त्याची घडण साधी आहे. अणुगर्भात २ प्रोटॉन व बहुधा २ न्यूट्रॉन. भोवती २ इलेक्ट्रॉन. पहिल्या कवचात दोघांपुरतीच जागा असते, आणि ती भरलेली! म्हणून हा अणू कोणाकडे काही मागत नाही, कोणास काही देत नाही. उणे २६९ अंश सेल्सियसला तो द्रवरूप होतो. हाच द्रव इस्पितळांतील एमआरआय यंत्रांचे चुंबक थंड राखतो.

युरेनियम व थोरियम यांच्या किरणोत्सर्गातून भूगर्भात हेलियमचा साठा जमण्यास कोट्यवधी वर्षे लागली. हवेत निसटलेला हा हलका वायू मात्र अखेर अवकाशात निघून जातो. जत्रेतला फुगा हातून सुटला की मूल फुग्यासाठी रडते. आतल्या वायूची हळहळ मोठ्यांनी करावयास हवी.