शस्त्रक्रियेचे टेबल कोठे मांडायचे?

(आरोग्यविषयक अभ्यासवर्गातील भाषण)



जखमी माणसाचे आयुष्य पुष्कळदा मिनिटांत मोजावे लागते. रक्त वाहत असते आणि डॉक्टर दूर असतो. हे अंतर कोणी तोडायचे, हा प्रश्न वैद्यकाइतकाच राजकारणाचा आहे.

कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून यांनी तो ओळखला. १९३६ च्या अखेरीस माद्रिदमध्ये त्यांनी नागरिकांचे रक्त जमविले, सोडियम सायट्रेट घालून ते गोठू दिले नाही, आणि त्याच्या बाटल्या थेट आघाडीवर पोचविल्या. १९३८ मध्ये ते उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात गेले. तेथे शस्त्रक्रियेचे सामान खेचरांच्या पाठीवरून जाई. गावकऱ्यांमधून रक्तदात्यांची पथके उभी राहिली. एप्रिल १९३९ मधील एका लढाईत त्यांच्या तुकडीने ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया केल्या. त्याच नोव्हेंबरात, शस्त्रक्रिया करताना कापलेल्या बोटातून जंतुदोष पसरून ते मृत्यू पावले.

त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची सूत्रे १९४१ मध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांकडे आली. काँग्रेसने १९३८ मध्ये धाडलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक होते. शस्त्रक्रिया करीत असतानाच त्यांनी तेथील तरुणांनाही शिकविले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच निवर्तले. आपण त्यांचा गौरव केला. त्यांची कार्यपद्धती मात्र उचलली नाही.

जगातील सुमारे पाचशे कोटी लोकांना सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, असे लॅन्सेट आयोगाने २०१५ मध्ये दाखविले. सिझेरियन, पोटाची तातडीची शस्त्रक्रिया आणि हाड बाहेर आलेल्या अस्थिभंगावरील उपचार ज्या रुग्णालयात होतात, ते दोन तासांच्या आत गाठता यावे, असा त्याचा निकष आहे. हा निकष आपल्या दुर्गम तालुक्यांना लावून पाहा. पुष्कळ ठिकाणी इमारत आहे. पण भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही.

धंदेवाईक रक्तदात्यांवर १९९८ पासून बंदी आली, ती योग्यच होती. परंतु रक्तपेढीपासून दूर असलेल्या शल्यविशारदाचे हात पुढील नियमांनी बांधले गेले, ही ग्रामीण शल्यविशारदांची जुनी तक्रार आहे. यावर उपाय म्हणून रक्त साठवण केंद्रांची तरतूद झाली. ती केंद्रे चालविणे हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि सरकारकडून ते करवून घेणे हे आपले.

म्हणून आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन तीन प्रश्न विचारा. रात्री दोन वाजता भूल कोण देणार? रक्त किती अंतरावर आहे? आणि परिचारिकेला व मदतनिसाला शिकविण्याची काय सोय आहे? उत्तरे लेखी घ्या. ती मिळाली नाहीत, तर आपल्या पुढच्या मोर्चाचा विषय ठरला असे समजा.