उंदीर नव्हे, चिचुंद्री



रात्री भिंतीच्या कडेने काहीतरी सुर्रकन जाते. चिक्‌चिक् आवाज येतो. उग्र वास सुटतो. आपण म्हणतो, "उंदीर!" आणि झाडू उचलतो. पण जरा थांबा. ती चिचुंद्री असेल.

दोघांना ओळखायचे कसे? चिचुंद्रीचे तोंड लांब, टोकदार. डोळे अगदी बारीक, तिला दिसते कमी. शेपूट बुडाशी जाड. वास येतो तो तिच्या कुशीतल्या ग्रंथींचा. त्या वासामुळे मांजर तिला मारते, पण खात नाही.

उंदराचे पुढचे दात सारखे वाढतात. म्हणून तो कुरतडतो. चिचुंद्रीचे तसे नाही. तिचे मुख्य खाणे झुरळे, किडे आणि गांडुळे. आपल्या दोंडाईच्याला बाजारपेठ मोठी. धान्य आणि मिरची घरात, दुकानात असतेच. पोते कुरतडलेले दिसले तर चोर उंदीर समजावा. चोरी उंदराची आणि मार चिचुंद्रीला, हा कुठला न्याय?

ही चिचुंद्री भारतभर आहे, आग्नेय आशियातही आहे. माणसांच्या जहाजांतून ती आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेली. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर ती १९५३ साली पोचली. तिची एक चिमुकली बहीण रानात राहते. तिचे वजन अवघे २ ग्रॅमच्या आसपास! भूमध्य समुद्रापासून भारतापर्यंत ती आढळते.

चिचुंद्रीची पिल्लेही पाहण्यासारखी. पहिले पिल्लू आईच्या शेपटीजवळ दाताने धरते, दुसरे पहिल्याला. अशी आगगाडीच निघते.

तिच्यात दोष नाही असे नाही. ती कोंबडीची लहान पिल्ले मारते. तिच्या अंगावर पिसवा असतात, आणि पिसवांतून रोग पसरतात. तेव्हा तिला हात लावू नये. अन्न झाकून ठेवावे. कोंबड्यांचे खुराडे रात्री नीट बंद करावे.

पण तिच्यासाठी घरात विष पसरू नका. उंदीर मारायची काळी पूड, म्हणजे झिंक फॉस्फाइड, पोटात गेली तर तिच्यावर उतारा नाही. घरात रांगते लेकरू आहे, दारात कोंबड्या आहेत. एका चिचुंद्रीपायी केवढा धोका!

मग करायचे काय? दार उघडावे, दिवा लावावा, झाडूने हलकेच वाट दाखवावी. भिंतीच्या कडेकडेने ती आपोआप बाहेर जाईल. भिंतीतली बिळे बुजवावीत. एवढे केले की झाले.