माहेरी गेलं की थांबणारा खोकला

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्य शिबिर म्हटलं की आपण अंगावरून जाणं, रक्तपांढरी, बाळंतपण, मारहाणीच्या जखमा यांवर बोलतो. ते बोलायलाच हवं. पण आज मी भिंतीबद्दल बोलणार आहे. घरातल्या ओलीबद्दल, आणि त्या ओलीवर कपाटामागे, गादीखाली, मोरीच्या कोपऱ्यात गुपचूप वाढणाऱ्या बुरशीबद्दल. तुम्ही म्हणाल, हा कसला बायकांचा प्रश्न? मलाही तसंच वाटत होतं. म्हणून आधी माझी चूक सांगते.

२०१९च्या पावसाळ्यात मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका पुनर्वसन वसाहतीत काम करत होते. झोपड्या तोडून सात मजली इमारतींत लोकांना आणलेलं. घर २२५ चौरस फुटांचं. दोन इमारतींमध्ये अंतर इतकं कमी की खालच्या मजल्यांवर भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागते. तिथे पहिल्या मजल्यावर एक बाई राहायची. वय एकोणतीस, दोन मुलं, घरात नवरा आणि सासू. तिला खोकला होता. रात्री उठून बसावं लागे, छातीतून शिट्टीसारखा आवाज येई. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की हिला टीबी झाला. तिचं ताट-वाटी वेगळं केलं, मुलांना तिच्याजवळ झोपू देईनात. थुंकी तपासली, एक्स-रे काढला, टीबी निघाला नाही. तरी ताट वेगळंच राहिलं.

मी गृहभेटीला गेले. दार उघडताच कुबट वास आला. भिंतीचे पोपडे निघालेले, दोरीवर ओले कपडे. मी फॉर्मवर काय लिहिलं ते सांगते: ‘घरात ओल व कुबट वास. गृहस्वच्छतेबाबत मार्गदर्शन केले.’ समाजकार्यात एम.ए. केलेल्या मुलीनं हे लिहिलं. ती बाई रोज पहाटे साडेचारला उठून पाणी भरत होती, दिवसातून दोनदा लादी पुसत होती. आणि मी तिला स्वच्छता शिकवून आले!

श्रावणात ती नागपंचमीला माहेरी गेली. माहेर माण तालुक्यात. तिथे आठ दिवसांत तिचा खोकला थांबला. परत आल्यावर तिसऱ्या रात्री पुन्हा सुरू. मग सासूनं बोलायला सुरुवात केली, “माहेरी बरी राहते आणि सासरी आली की खोकते. हा आजार नाही, कामाचा कंटाळा आहे.” नवऱ्यालाही ते पटलं. खरं सांगू? क्षणभर मलाही वाटलं, मनावरचा ताण असेल.

पुढे एका मोठ्या सरकारी रुग्णालयात छातीच्या डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, “कुठे गेल्यावर बरं वाटतं?” ती घाबरत म्हणाली, “माहेरी.” डॉक्टरबाईंनी दुसरा प्रश्न केला, “घरात ओल आहे का?” फुंकरीची तपासणी झाली. दमा निघाला. जी गोष्ट घरात तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरली जात होती, तीच तिच्या आजाराची खूण होती.

मग आम्ही तिघी-चौघींनी तिचं कपाट सरकवलं. मागची भिंत कंबरेइतक्या उंचीपर्यंत काळी-हिरवी. कपाटाची मागची प्लाय बोटानं दाबली की आत जाई. तळाशी ठेवलेल्या लग्नातल्या साड्यांवर काळे ठिपके. त्या भिंतीच्या पलीकडे पाइपांची डक्ट होती आणि त्यातला एक पाइप किती महिने गळत होता कोण जाणे. सासू बघत उभी होती. थोड्या वेळानं म्हणाली, “मी इथेच डोकं करून झोपते. मलापण रात्री दम लागतो, पण वयाचं असेल म्हणून बोलले नाही.”

आता यामागचं शास्त्र थोडक्यात बघू. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सगळीकडे असतात, तुमच्या-माझ्या घरात आत्ताही आहेत. त्यांना रुजायला पाणी आणि थोडं अन्न लागतं. अन्न म्हणजे प्लाय, कागद, कापड, गादीतला कापूस, रंग, साधी धूळसुद्धा. ते घरात असतंच. म्हणून सगळं पाण्यावर ठरतं. ओली झालेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही तर बुरशी धरायला लागते. ती डोळ्यांना दिसते तेव्हा बरीच वाढलेली असते. पुष्कळदा दिसतच नाही, फक्त वास येतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली घरातल्या ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ओल्या घरात राहणाऱ्यांना खोकला, छातीत घरघर, दमा, श्वसनमार्गाचे संसर्ग यांचा धोका वाढतो, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. भारतात फुफ्फुसाच्या जाळीच्या आजारांची मोठी नोंदणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. १,०८४ रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता. श्वासातून जाणाऱ्या बुरशीसारख्या सेंद्रिय कणांना फुफ्फुसं सुजून प्रतिसाद देतात, असा हा आजार. या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या वापरात एअर कूलर होता. कूलरचं पाणी आणि ओलं गवत महिनोन् महिने तसंच ठेवलं तर तीही बुरशीची जागाच. दम्याच्या काही रुग्णांना अॅस्परजिलस नावाच्या बुरशीची अॅलर्जी होते आणि एक्स-रेवर डाग दिसतात. असे रुग्ण आपल्या देशात टीबीचे समजून औषधं घेत राहिल्याचं छातीच्या डॉक्टरांनी वारंवार लिहिलं आहे.

पण एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाऊ नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासायचीच. टीबी जंतूनं होतो, बुरशीनं नाही. मात्र कोंदट घर दोन्हींना सोयीचं. मुंबईतल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास डॉक्टर्स फॉर यू या संस्थेनं आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांबरोबर केला. जिथे उजेड आणि वारा कमी, तिथे टीबी जास्त, असं त्यात दिसलं. आणखी एक: २०२१ साली कोविडनंतर ‘काळी बुरशी’ म्हणून जी साथ आली, ती म्युकरमायकोसिस. मधुमेह आणि स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रा यांच्याशी तिचा संबंध होता. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे. वस्तीत अशी भीती पसरली तर ती आपण थांबवायला हवी. चुलीचा धूर, डासांची कॉइल, विडी-सिगारेट यांनीही छाती बिघडते. सगळं खापर बुरशीवर फोडू नका.

मग हा बायकांचा प्रश्न कसा? घरात सर्वांत जास्त तास कोण असतं? घरकाम करणारी, पापड लाटणारी, बिडी वळणारी, बाळंतीण, म्हातारी. झाडू घेऊन कोरडी बुरशी कोण खरवडतं आणि तिचे कण छातीत घेतं? घराला वास आला तर दोष कोणाला? आणि भिंत दुरुस्त करायचा निर्णय कोण घेतं? पहिल्या तीन प्रश्नांचं उत्तर एक आहे, चौथ्याचं वेगळं.

हा दोष लावणं फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. इंग्लंडमधल्या रोचडेल गावी अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२०मध्ये वारला. त्याच्या वडिलांनी घरातल्या बुरशीची तक्रार केली तेव्हा त्यांना सांगण्यात आलं होतं, वरून रंग मारा. घरमालक संस्थेनं कुटुंबाच्या राहण्याच्या सवयींकडे बोट दाखवलं. नोव्हेंबर २०२२मध्ये चौकशीत निष्कर्ष निघाला की मुलाचा मृत्यू घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यानं झाला. आईवडील लढले आणि २०२३च्या कायद्यात त्या मुलाच्या नावानं ओळखलं जाणारं कलम आलं: सामाजिक घरांच्या मालकांनी ठरावीक मुदतीत ओल आणि बुरशी दूर केलीच पाहिजे.

आमच्या वसाहतीत काय झालं? सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “वरच्या मजल्याशी तुमचं तुम्ही बघून घ्या.” मग वरची बाई आणि खालची बाई जिन्यात भांडल्या. पुरुष कोणी आलं नाही. आम्ही नियम काढून वाचले. आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे. आणि बायकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं घर नियमानुसार नवरा-बायकोच्या संयुक्त मालकीचं असतं, भाग दाखल्यावर दोघांची नावं हवीत. हे वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, “ताई, म्हणजे ही भिंत माझीपण आहे?”

अकरा घरांतल्या बायकांनी लेखी अर्ज दिला, पोच घेतली. सभेत पहिल्यांदा बायका बोलल्या, वरची आणि खालची एकाच बाजूनं. पाइप बदलायला नोव्हेंबर उजाडला. भिंत वाळू दिली, मग प्लास्टर, मग रंग. तिचा खोकला खूप कमी झाला. पंप अजून जवळ ठेवावा लागतो, कारण दोन इमारतींमधली अंधारी गल्ली तशीच आहे. ती आखणाऱ्यांशी लढाई बाकी आहे. ताट मात्र पुन्हा सगळ्यांबरोबर लागतं.

आता कामाच्या काही गोष्टी लिहून घ्या.

ओल कुठून येते ते आधी शोधा. धुतलेली दुधाची पिशवी कापून भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं पक्की लावा, दोन दिवसांनी बघा. भिंतीच्या बाजूनं पाणी साठलं तर भिंतीतूनच ओल येते आहे. खोलीच्या बाजूनं थेंब आले तर घरातली वाफ जमते आहे, तेव्हा वारा खेळता करा.

भिंतीवरची पांढरी भुकटी लोणाही असू शकते. ती पाण्यात विरघळते, बुरशी विरघळत नाही.

गळती थांबवल्याशिवाय रंगावर पैसे घालू नका. रंगाखाली बुरशी वाढतच राहते.

डाग कोरड्या झाडूनं किंवा ब्रशनं खरवडू नका. नाका-तोंडाला फडकं बांधून, साबणाच्या पाण्यानं ओलं करून पुसा आणि जागा पूर्ण वाळवा. दमेकरी बाईनं हे काम करूच नये. ब्लीचिंग आणि संडासचं अॅसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. गादी उन्हात घाला. ऊन मिळत नसेल तर तेही अर्जात लिहा, कारण ती तुमची चूक नाही.

माझ्या गृहभेटीच्या फॉर्ममध्ये आता दोन प्रश्न जास्तीचे आहेत: घरात कुबट वास येतो का? घराबाहेर राहिल्यावर बरं वाटतं का? तुमच्या फॉर्ममध्येही ते घाला. आणि एखादी बाई म्हणाली की माहेरी गेलं की मला बरं वाटतं, तर हसू नका. तिच्या घरी जा आणि कपाट सरकवून बघा.

आज घरी गेल्यावर आपलंही बघा. फक्त एकटीनं सरकवू नका. घरातल्या पुरुषांना हाक मारा. भिंत त्यांचीही आहे.